छायाचित्रांचे माउंटिंग

छायाचित्रांचे माउंटिंग म्हणजे छायाचित्राची कागदी प्रत एखाद्या आधारफलकावर बसवून ती पाहण्यास, हाताळण्यास व दीर्घकाळ टिकण्यास योग्य अशा स्थितीत आणणे होय. फलक, त्यावर येणारी खिडकीसारखी कापलेली चौकट, समोरची काच, पाठीमागचा पुठ्ठा आणि भिंतीवर टांगण्याची व्यवस्था या सर्वांचा त्यात समावेश होतो. मराठीत या कामासाठी ‘माउंट करणे’ व ‘फ्रेम करणे’ हे शब्दप्रयोग रूढ आहेत. भिंतीवर लावलेल्या काचबंद चित्राला ‘तसबीर’ हा जुना शब्द आहे.

माउंटिंगकडे बहुधा सजावट म्हणून पाहिले जाते. वास्तविक छायाचित्राची प्रत प्रकाश, दमट हवा व हाताळणी यांच्याइतकीच तिला चिकटून असलेल्या पुठ्ठ्यामुळे, गोंदामुळे आणि काचेमुळे खराब होते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील असंख्य छायाचित्रांच्या निगेटिव्ह आज अस्तित्वात नाहीत. भिंतीवरची किंवा आल्बममधली प्रत हीच त्या व्यक्तीची एकमेव प्रतिमा असते. ती ज्या चौकटीत सुरक्षित ठेवली असे कुटुंबाला वाटते, तीच चौकट पुष्कळदा तिच्या नाशाला कारण होते.

पूर्वेतिहास

१८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरोटाइप पद्धतीत प्रतिमा चकचकीत चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत असे. बोटाच्या नुसत्या स्पर्शाने ती पुसली जाई. त्यामुळे पत्रा, त्यावर पातळ पितळी चौकट, त्यावर काच आणि या तिन्हींच्या कडा कागदी पट्टीने बंद केलेल्या, अशी पुडीवजा रचना सुरुवातीपासूनच करावी लागली. पितळी चौकटीमुळे काच पत्र्याला टेकत नसे व कडेच्या पट्टीमुळे बाहेरची हवा आत शिरत नसे. आजच्या संग्रहालयांतील उत्तम फ्रेमची मूळ तत्त्वे या छोट्या पेटीत जवळजवळ सगळी आढळतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१८५० मध्ये फ्रान्समधील लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला ‘अल्ब्युमेन’ कागद प्रचारात आणला. हा कागद अतिशय पातळ असे आणि वाळताना सुरळीसारखा गुंडाळला जाई. म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवणे ही हौस नव्हती, ती गरजच होती. १८५४ मध्ये पॅरिसचे छायाचित्रकार आंद्रे आदोल्फ-यूजेन दिसदेरी यांनी ‘कार्त द व्हिझित’ या भेटकार्डाएवढ्या छायाचित्राचे एकस्व घेतले. त्याचा पुठ्ठा सुमारे ६.४ × १० सेंमी आकाराचा असे. १८६० च्या दशकात त्याहून मोठे, सुमारे १०.८ × १६.५ सेंमीचे ‘कॅबिनेट कार्ड’ आले. पुठ्ठ्याचे आकार ठरून गेल्यामुळे ठरावीक खाचांचे आल्बम निघू शकले, आणि एका छायाचित्रकाराने काढलेले चित्र दुसऱ्या देशात छापलेल्या आल्बममध्ये बिनचूक बसू लागले. प्रमाणित माउंटचा हा पहिला मोठा लाभ म्हणता येईल.

मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित असलेल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी होत. हरिश्चंद्र चिंतामण यांचा छायाचित्रणाचा व्यवसायही मुंबईतलाच. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. या काळातील छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवूनच दिली जात. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवर अथवा पाठीवर स्टुडिओचे नाव, पत्ता, मिळालेली पदके व राजाश्रयाचा उल्लेख छापलेला असे. आज तारीख नसलेल्या छायाचित्राचा काळ ठरवताना अभ्यासक प्रथम या पुठ्ठ्याकडे पाहतात. पत्ता बदललेला असतो, कोपरे चौकोनी असतात किंवा गोल, कडेला सोनेरी मुलामा असतो किंवा नसतो. चौकोनी कोपऱ्यांचे पातळ कार्ड सामान्यतः आधीचे, तर जाड, तिरप्या कापाचे व सोनेरी कडेचे कार्ड नंतरचे समजले जाते. जुने छायाचित्र ‘नीट’ फ्रेम करण्यासाठी पुठ्ठ्यासकट कापून लहान करण्याची जी पद्धत दुकानांतून आढळते, तिने हा सारा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

जुन्या पुठ्ठ्यांची दुसरी बाजू अशी की, त्यांतील बरेचसे स्वस्त लाकडी लगद्याचे होते. लाकडातील लिग्निन हा घटक काळाबरोबर आम्ले निर्माण करतो. पुठ्ठा तपकिरी व ठिसूळ होतो आणि कोपरा तुटला की त्यावर चिकटलेले छायाचित्रही त्याच रेषेत तुटते.

विसाव्या शतकात कलाछायाचित्रणाच्या चळवळीने माउंटला वेगळे स्थान दिले. अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या, पुढे ‘२९१’ या नावाने ओळखल्या गेलेल्या दालनात छायाचित्रे शांत रंगाच्या भिंतींवर, प्रशस्त अंतर ठेवून लावली जात. त्यापूर्वी भिंत जमिनीपासून छतापर्यंत चित्रांनी भरून टाकण्याची रीत होती. याउलट दिशेचा प्रयोग १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झाला. एडवर्ड स्टायकेन यांनी सिद्ध केलेल्या ‘द फॅमिली ऑफ मॅन’ या प्रदर्शनात ६८ देशांतील २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे होती. वास्तुविशारद पॉल रुडॉल्फ यांनी केलेल्या मांडणीत ती काचेविना, फ्रेमविना, लहानमोठ्या आकारांत कडक फलकांवर चिकटवून उभी केली होती. काही छतापासून लोंबत होती. प्रेक्षक आणि चित्र यांच्यामधली काच गेल्याने परिणाम अतिशय थेट झाला. या प्रदर्शनाचे संच अनेक देशांत फिरले. त्यांतील एक संच लक्झेंबर्गमधील क्लेर्व्हो येथील किल्ल्यात १९९४ पासून कायमस्वरूपी मांडलेला आहे आणि २००३ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला. उघड्या, फलकाला चिकटवलेल्या या प्रतींची दुरुस्ती व साफसफाई करण्याचे मोठे काम पुढे तेथे हाती घ्यावे लागले. काच काढून टाकण्याची ही किंमत असते.

प्रत कशाची बनलेली असते

माउंटची रचना ठरवण्यापूर्वी प्रतीचे थर समजून घेणे आवश्यक आहे. पारंपरिक कृष्णधवल प्रतीत तळाशी कागद, त्यावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि वर जिलेटिनमध्ये अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण असतात. जिलेटिन व कागद ही दोन्ही द्रव्ये हवेतील बाष्प शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात, पण दोघांचे प्रमाण सारखे नसते. कोरड्या हवेत जिलेटिन अधिक आकसते व प्रत प्रतिमेच्या बाजूला वळते. पावसाळ्यात तीच प्रत सैल होऊन लाटांसारखी दिसू लागते. म्हणजे प्रत स्थिर नसते. ती ऋतूप्रमाणे थोडी लहानमोठी होत असते. चारही कडा चिकटपट्टीने जखडल्या तर तिला पसरायला जागा उरत नाही आणि मध्यभागी फुगवटे येतात.

१९७० च्या दशकापासून सर्रास वापरात आलेल्या ‘आरसी’ कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिइथिलीनचा लेप असतो. हा कागद सपाट राहतो, पण त्यावर खळ धरत नाही. शिवाय आरंभीच्या आरसी प्रतींबाबत एक विचित्र गोष्ट आढळली. भिंतीवर काचबंद केलेल्या प्रती आल्बममधल्या प्रतींपेक्षा लवकर खराब झाल्या. पांढरेपणासाठी लेपात मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडून ऑक्सिडीकारक द्रव्ये तयार होत. बंद फ्रेममध्ये ती साठून राहत आणि चांदीवर हल्ला करत. त्यातून नारिंगी ठिपके व गडद भागांवर आरशासारखी चमक दिसू लागे. पुढे कागदात स्थिरक द्रव्ये घालून हा दोष बराच कमी करण्यात आला.

इंकजेट प्रतींचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या सच्छिद्र लेपात शाईबरोबर आलेली ग्लायकोलसारखी द्रव्ये काही काळ राहतात. छापल्यावर लगेच काचबंद केल्यास त्यांचा धुरकट थर काचेच्या आतल्या बाजूला जमतो. म्हणून अशी प्रत साध्या कोऱ्या कागदाखाली किमान एकदोन दिवस ठेवून, कागद बदलत, मगच फ्रेम करावी असा संकेत आहे.

चिकटवण्याच्या पद्धती आणि त्यांवरील वाद

सर्वांत जुनी पद्धत ओल्या गोंदाची. खळ, डिंक अथवा सरस लावून संपूर्ण प्रत पुठ्ठ्यावर बसवली जाई. खळीचा एक गुण असा की पाण्याने ती पुन्हा सुटते, आणि दोष असा की कसर व झुरळे तिच्यावर ताव मारतात. रबर सिमेंट वापरण्यास सोपे असते, परंतु त्यातील गंधकयुक्त अंशांमुळे चांदीच्या प्रतिमेवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. घरोघरी वापरली जाणारी पारदर्शक चिकटपट्टी तर याहून वाईट ठरते. काही वर्षांनी तिचे प्लास्टिक गळून पडते, पण गोंद कागदात मुरून तेथे कायमचा डाग राहतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ड्राय माउंटिंग’ची पद्धत रूढ झाली. प्रत आणि फलक यांच्यामध्ये उष्णतेने वितळणारा पातळ पापुद्रा ठेवून साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयंत्रात ते दाबले जाते. या पद्धतीने प्रत आरशासारखी सपाट बसते. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हिचे पुरस्कर्ते होते आणि ‘द प्रिंट’ या आपल्या ग्रंथात त्यांनी तिची सविस्तर माहिती दिली आहे. पुठ्ठ्यातील अपायकारक द्रव्ये व प्रत यांच्यामध्ये पापुद्र्याचा पडदा राहतो आणि हाताळणीत प्रतीचे कोपरे मुडपत नाहीत, असा या बाजूचा युक्तिवाद आहे.

संवर्धकांचा आक्षेप एकच, पण मूलगामी आहे. ही कृती उलटवता येत नाही. फलकाला वाळवी लागली, तो वाकला, ओलीने फुगला, तर प्रत सोडवून दुसऱ्या फलकावर घेता येत नाही. आज निर्दोष वाटणारा फलक पन्नास वर्षांनी तसाच राहील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. नवीन, पुन्हा छापता येण्याजोग्या प्रदर्शन-प्रतीसाठी ड्राय माउंटिंग करण्यास हरकत नाही. एकमेव असलेल्या जुन्या प्रतीवर ते कधीही करू नये, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी मान्य झाली आहे आणि ती रास्त आहे.

फार मोठ्या प्रतींच्या बाबतीत मात्र चिकटवण्याला पर्याय शोधणे कठीण जाते. दीड-दोन मीटर रुंदीची प्रत नुसती टांगली तर ती लाटा धरते आणि त्या लाटांवर दिव्यांचे प्रतिबिंब नाचते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये विकसित झालेल्या ‘डायासेक’ पद्धतीत प्रतीचा दर्शनी भागच सिलिकोनच्या साहाय्याने ॲक्रिलिकच्या तक्त्याला जोडला जातो. रंग अत्यंत खोल व चमकदार दिसतात. आंद्रेयास गुर्स्की यांच्यासारख्या जर्मन छायाचित्रकारांच्या प्रचंड आकाराच्या कामांमुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली. तक्त्यावर ओरखडा उठला तर तो चित्रावरच उठल्यासारखा असतो, कारण दोन्ही आता वेगळे होत नाहीत. काही संग्रहालये मोठ्या इंकजेट प्रती लोहचूर्णाचा लेप दिलेल्या फलकांवर अथवा पत्र्यावर लहान, शक्तिशाली चुंबकांनी धरून ठेवतात. प्रतीला गोंद लागत नाही आणि प्रदर्शन संपल्यावर ती जशीच्या तशी गुंडाळून ठेवता येते. वाद टाळणारी ही युक्ती साधी आणि विचारपूर्वक योजलेली आहे.

महाराष्ट्रातील शाळा, ग्रंथालये, गणेशोत्सव मंडळे यांच्या प्रदर्शनांत हल्ली छायाचित्रे ‘सनबोर्ड’वर चिकटवली जातात. हा पीव्हीसीचा फेसाळ, हलका, स्वस्त फलक असतो. चार दिवसांच्या प्रदर्शनासाठी तो उत्तम आहे. परंतु पीव्हीसी जुने होताना हायड्रोजन क्लोराइड सोडते. म्हणून मूळ छायाचित्रे सनबोर्डवर लावू नयेत. त्यांच्या नव्याने छापलेल्या प्रती लावाव्यात आणि मूळ चित्रे पाकिटातच राहू द्यावीत.

सुधारित माउंटची रचना

चांगल्या माउंटकडून चार अपेक्षा असतात. प्रत सपाट दिसावी, ती काचेला टेकू नये, तिला लागून असलेल्या कोणत्याही वस्तूने तिच्यावर रासायनिक परिणाम करू नये आणि ती केव्हाही इजा न होता बाहेर काढता यावी. पहिली व शेवटची अपेक्षा परस्परविरोधी आहे. माउंटच्या रचनेतील बहुतेक कल्पकता या विरोधातून वाट काढण्यात खर्ची पडते.

संग्रहालयांत रूढ असलेली मांडणी पुस्तकासारखी असते. मागचा फलक व पुढची खिडकी कापलेली चौकट एका कडेला कापडी पट्टीने जोडलेली असतात. प्रत मागच्या फलकावर बसवलेली असते. खिडकी उघडली की प्रत पूर्ण दिसते, मिटली की तिच्या कडा झाकल्या जातात. या खिडकीच्या चौकटीला फ्रेंचमधून आलेला ‘पासपार्तू’ हा शब्दही वापरतात; दुकानांत तिला नुसते ‘माउंट’ म्हणतात. खिडकीच्या पुठ्ठ्याची जाडी हीच काच आणि प्रत यांच्यातील अंतर ठरते. चार-पदरी पुठ्ठा सुमारे दीड मिलिमीटर जाड असतो. लहान प्रतीला तेवढे अंतर पुरते. मोठी प्रत फुगून काचेला टेकण्याचा संभव असल्याने आठ-पदरी पुठ्ठा किंवा चौकटीच्या आतून कडेला लपवलेल्या पट्ट्या वापरतात.

पुठ्ठा कोणता, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सर्वांत चांगला पुठ्ठा सुती चिंध्यांच्या लगद्यापासून बनतो. त्यानंतर लिग्निन काढून शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा. आम्लाला उतारा म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते. निळ्या रंगाच्या सायनोटाइप प्रती याला अपवाद आहेत. त्यांचा प्रशियन निळा रंग अल्कधर्मी संपर्काने फिका पडतो, म्हणून त्यांना कॅल्शियम कार्बोनेटविरहित पुठ्ठा लागतो. ‘ॲसिड-फ्री’ एवढी चिठ्ठी पुरेशी नसते. आम्लरहित पुठ्ठ्यातील रंग, गोंद किंवा गंधकाचे अंशही चांदीला डागाळू शकतात. याकरिता ‘फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिचा मानक-क्रमांक आयएसओ १८९१६. तीत पुठ्ठ्याचा तुकडा चांदीचे सूक्ष्म कण असलेल्या पट्टीला लावून ७० अंश सेल्सिअस तापमानात व ८६ टक्के सापेक्ष आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि पट्टीचा रंग किती बदलला ते मोजतात. घरातल्या जुन्या फ्रेमची परीक्षा मात्र उपकरणांवाचूनही होते. खिडकीची ४५ अंशांत कापलेली तिरपी धार पाहावी. ती पिवळी-तपकिरी पडली असेल तर पुठ्ठा आम्लयुक्त आहे आणि त्याच्या कडेची तशीच एक रेषा एव्हाना छायाचित्रावरही उमटू लागलेली असते.

प्रत फलकावर बसवण्याचे दोन सभ्य मार्ग आहेत. एक म्हणजे पॉलिएस्टरचे किंवा चांगल्या कागदाचे घडी घातलेले कोपरे. प्रतीचे कोपरे त्यांत नुसते सरकवायचे. गोंद फलकाला लागतो, प्रतीला लागत नाही. कोपरे घट्ट न बसवता केसभर सैल ठेवतात, म्हणजे प्रतीला पावसाळ्यात पसरता येते. कोपऱ्यांना पुरेशी पांढरी कडा प्रतीला असावी लागते. ती नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे जपानी कोझो कागदाच्या पट्टीची बिजागरी. पट्टीचे एक टोक प्रतीच्या पाठीला वरच्या कडेशी, दुसरे फलकाला, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतात. प्रत वरच्या दोनच बिंदूंपासून लोंबत राहते आणि खाली व बाजूंना मोकळी असते. पट्टीचा कागद प्रतीच्या कागदाहून नाजूक असावा हा यातला महत्त्वाचा नियम आहे. फ्रेम खाली पडली तर पट्टी फाटावी, प्रत फाटू नये. खळीचे पाणी प्रतीला लागते, म्हणून हे काम अनुभवी हातानेच करावे.

जुने, वाकलेले कार्ड किंवा जाड पुठ्ठ्यावरील छायाचित्र असेल तर त्याच्याभोवती त्याच जाडीच्या पट्ट्यांचा खोलगट साचा करतात व त्यात ते ठेवून देतात. कार्ड सरळ करण्याचा प्रयत्न करायचा नाही. साचा त्याच्या वाकाला सामावून घेतो.

समासांबाबत एक जुना संकेत आहे की खालचा समास वरच्यापेक्षा थोडा मोठा असावा. चारही समास सारखे ठेवले तर चित्र खाली घसरल्यासारखे भासते. ८ × १० इंचांची उभी प्रत १६ × २० इंचांच्या फलकावर बसवायची झाल्यास दोन्ही बाजूंना ४, वर साडेचार आणि खाली साडेपाच इंच अशी विभागणी डोळ्यांना स्थिर वाटते. आपल्याकडील लॅबमध्ये ८ × १२ व १२ × १८ हे आकार अधिक चालतात. प्रदर्शनात वेगवेगळ्या मापांच्या प्रती असल्या तरी बाहेरचे फलक दोन किंवा तीनच मापांचे ठेवावेत. फक्त खिडक्या निराळ्या कापल्या की तीच फ्रेम पुढच्या प्रदर्शनालाही उपयोगी पडते. दुहेरी रंगीत माउंट, चित्रातल्या साडीच्या रंगाशी जुळवलेली किनार वगैरे प्रकार दुकानदार आग्रहाने सुचवतात. कृष्णधवल चित्राला त्यांचा उपयोग नसतो. उबदार पांढरा पुठ्ठा बहुतेक वेळा पुरतो.

काच, प्रकाश आणि टांगणी

काच हवीच, पण ती प्रतीला टेकता कामा नये. दमट हवेत जिलेटिन मऊ होते आणि काचेला चिकटते. सुकल्यावर तेथे चकचकीत डाग राहतो किंवा प्रत कायमची जडते. काचेऐवजी ॲक्रिलिक वापरल्यास वजन निम्म्याहून कमी होते. १०० × ७५ सेंमीची ३ मिलिमीटर जाड काच सुमारे साडेपाच किलो भरते, तर तेवढाच ॲक्रिलिकचा तक्ता पावणेतीन किलोच्या आत राहतो. प्रवासी प्रदर्शनासाठी हा फरक मोठा आहे आणि ॲक्रिलिक फुटून चित्रावर घुसत नाही. त्यावर ओरखडे लवकर उठतात, एवढे सोसावे लागते. अतिनील किरण रोखणारी काच व ॲक्रिलिक दोन्ही मिळतात. पण दृश्य प्रकाशानेही रंग उडतात, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही.

प्रकाशाची इजा साठत जाते. संवेदनशील प्रतींसाठी संग्रहालये ५० लक्स ही मर्यादा पाळतात. दिवसाला ८ तास याप्रमाणे ९० दिवसांच्या प्रदर्शनात प्रतीवर ३६,००० लक्स-तास प्रकाश पडतो. घरात खिडकीसमोरच्या भिंतीवर ५०० लक्स प्रकाश दिवसाचे १० तास पडत असेल तर ७ दिवसांतच ३५,००० लक्स-तास होतात. संग्रहालयातले तीन महिने म्हणजे घरातला एक आठवडा. चांदीच्या कृष्णधवल प्रती प्रकाश बऱ्यापैकी सोसतात. अल्ब्युमेन, हाताने रंगवलेली छायाचित्रे आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रंगीत प्रती सोसत नाहीत. लग्नाच्या जुन्या रंगीत फोटोंतून निळसर छटा आधी जाऊन सारे लालसर दिसू लागते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

जुन्या घरांत तसबिरी उंचावर, वरच्या बाजूने पुढे झुकलेल्या टांगत. दोरी फ्रेमच्या वरच्या कडेपासून काहीशी खाली बांधली की ती आपोआप झुके. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला काचेत खिडकीचे प्रतिबिंब कमी दिसे आणि फ्रेमच्या मागे हवाही खेळती राही. सध्याच्या दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंमीवर ठेवतात. दोन खिळ्यांवर दोन कड्या बसवल्यास फ्रेम तिरकी होत नाही. दिवंगतांच्या फोटोला हार घालण्याची व काचेवर गंध-कुंकू लावण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. ओला हार काचेच्या खालच्या कडेला टेकून राहिला की पाणी फ्रेमच्या खाचेतून आत उतरते. हार वरच्या बाजूने थोडा पुढे लोंबता ठेवण्यासाठी वेगळी खिळी ठोकल्यास हे टळते.

कोकणातील व मुंबईतील पावसाळा

सापेक्ष आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के असावी, असे छायाचित्रांच्या जतनासाठी सांगितले जाते. किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने ती सहज ८० टक्क्यांच्या वर असते. सुमारे ६५ टक्क्यांपुढे जिलेटिनवर बुरशी धरू शकते. येथील फ्रेमची रचना म्हणून थंड देशांतील पुस्तकांवरून जशीच्या तशी उचलून चालत नाही.

नेहमीची फ्रेम मागून हार्डबोर्ड व चुका मारून बंद केलेली असते, आत भर म्हणून घडी घातलेले वर्तमानपत्र असते. लाकडी फळ्या मागे असतील तर त्यांतल्या गाठींचे व फटींचे आकार वर्षानुवर्षांनी छायाचित्रावर तपकिरी डागांच्या रूपाने उतरतात. यावर उपाय म्हणजे पाठीमागून बंद केलेली पुडी. काच, खिडकी, प्रत, मागचा फलक आणि त्यामागे बाष्प न झिरपणारा पॉलिएस्टरचा किंवा ॲल्युमिनियमयुक्त प्लास्टिकचा पातळ तक्ता, या सर्वांच्या कडा एकत्र पट्टीने बंद करतात आणि ही पुडी फ्रेममध्ये बसवतात. दागेरोटाइपच्या पेटीचेच हे मोठे रूप होय. आतील पुठ्ठा थोडे बाष्प धरून ठेवतो व सोडतो, त्यामुळे बाहेरचे चढउतार आत एकदम पोहोचत नाहीत. पुडी बंद करण्याचा काळ महत्त्वाचा आहे. जुलैत बंद केलेल्या पुडीत जुलैचाच दमटपणा कोंडला जातो. म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, पुठ्ठे आधी एकदोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून करावे.

पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीला ओल येते, तीवर मूळ छायाचित्र टांगू नये. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावून भिंत व फ्रेम यांत बोटभर अंतर ठेवावे. पावसाळा संपल्यावर एकदा सर्व तसबिरी उतरवून त्यांची पाठ पाहावी. वाळवीची मातीची रेघ व कसरीने खरवडलेले चट्टे पाठीमागूनच प्रथम दिसतात.

काचेला चिकटलेली प्रत

जुन्या फ्रेममधील प्रत काचेला चिकटलेली आढळल्यास ती ओढून काढण्याचा मोह होतो. तसे केल्यास जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि हाती पांढरा कागद येतो. वाफ देणे किंवा पाण्यात बुडवणे हे उपाय काही प्रकारच्या प्रतींवर प्रशिक्षित संवर्धक करतात. घरी ते करू नयेत, विशेषतः रंगवलेल्या प्रतींवर. प्रथम काचेसकट, काचेतूनच प्रतीचे स्कॅनिंग अथवा छायाचित्र करून घ्यावे. त्यानंतर प्रत व काच वेगळी न करता, मागचा आम्लयुक्त पुठ्ठा मोकळा असेल तर तेवढा बदलून, सारे सपाट ठेवून द्यावे. काच फुटली असल्यास तिचे तुकडे प्रतीवरून न सरकवता खाली कडक फलक देऊन बांधावेत. फ्रेम उघडल्यावर पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले नाव, गाव किंवा वर्ष आढळले तर त्याचेही छायाचित्र घ्यावे आणि तो मजकूर नव्या पाठपुठ्ठ्यावर, मूळ जसा आहे तसा, पेन्सिलीनेच उतरवून ठेवावा.